पुतळ्याखालची ओळ

भारतातून आलेल्या आई-बाबांना लंडन दाखवायचा आपला सगळ्यांचा एक ठरलेला रस्ता असतो. वेस्टमिन्स्टर स्टेशनला उतरायचं, बिग बेनसमोर फोटो काढायचा, मग व्हाईटहॉलवरून रमतगमत ट्रॅफल्गर स्क्वेअर गाठायचा. वाटेत हॉर्स गार्ड्सचे घोडेस्वार लागतात, तिथे आई हमखास रमते. बाबांना घोड्यांत रस नाही. गेल्या वर्षी तिसऱ्यांदा तोच रस्ता तुडवताना ते वैतागून रस्ता ओलांडून समोरच्या बाजूला गेले आणि संरक्षण खात्याच्या इमारतीजवळच्या गुरखा सैनिकाच्या पुतळ्यापाशी जाऊन उभे राहिले. मी मागोमाग गेलो. चौथऱ्यावरची अक्षरं वाचत होते. शूरांतले शूर, उदारांतले उदार, तुमच्याइतका निष्ठावान मित्र कुठल्याच देशाला लाभला नसेल, अशा अर्थाचं तिथे कोरलेलं आहे. १९९७ च्या डिसेंबरमध्ये राणीने या पुतळ्याचं अनावरण केलं होतं.

"कुणाचं रे हे वाक्य?" बाबांनी विचारलं. मी खिशातला मोबाईल काढला. राल्फ टर्नर, असं उत्तर आलं.

"टर्नर? म्हणजे कत्र्यांचे गुरू? कोशवाले टर्नर?"

मला ना टर्नर माहीत होते ना कत्रे. एवढं मात्र माहीत होतं की बाबा बँकेत लागण्यापूर्वी, संस्कृत घेऊन एम.ए. झाल्यावर, वर्षभर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात 'चिठ्ठ्या लिहायला' जात असत. आमच्या घरात हा विषय गमतीचाच होता. आई अजूनही म्हणते, "लग्न ठरलं तेव्हा बँकेची ऑर्डर हातात होती म्हणून बरं, नाहीतर बसला असता चिठ्ठ्या लिहीत!"

त्या संध्याकाळी घरी चहा घेता घेता बाबांनी जे सांगितलं आणि पुढे वर्षभर मी जे वाचत गेलो, त्यातून हा लेख झाला आहे. मी पोटापाण्यासाठी संगणकाच्या क्षेत्रात आहे, इतिहासाचा अभ्यासक नाही. पण ही कथा लंडनची आहे, मराठीची आहे, आणि ती आपल्या मंडळातल्या कुणी आजवर या पानांत सांगितल्याचं आठवत नाही.

राल्फ लिली टर्नर यांचा जन्म १८८८ चा, लंडनमधल्या चार्लटनचा. केंब्रिजच्या पर्स स्कूलमध्ये शाळा, तिथल्याच क्राइस्ट्स कॉलेजात पुढचं शिक्षण, आणि १९१३ मध्ये इंडियन एज्युकेशनल सर्व्हिसमधून काशीला क्वीन्स कॉलेजात नेमणूक. तोवरची गोष्ट त्या काळच्या कितीतरी हुशार इंग्रज तरुणांसारखीच आहे. गंमत पुढच्याच वर्षी होते. १९१४ मध्ये मुंबई विद्यापीठाने या पंचविशीतल्या माणसाला विल्सन भाषाशास्त्रीय व्याख्यानं द्यायला बोलावलं, आणि त्याच सुमारास तो मराठीच्या मागे लागला.

या व्याख्यानांचीही एक परंपरा आहे. ज्यांच्या नावाने ती होतात ते डॉ. जॉन विल्सन म्हणजे गिरगाव चौपाटीवरच्या विल्सन कॉलेजचेच विल्सन. मूळचे स्कॉटिश मिशनरी, मराठी उत्तम येणारे, आणि १८६८ मध्ये मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू. या मालेतली गाजलेली व्याख्यानं १८७७ मध्ये रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी दिली, संस्कृत आणि तिच्यापासून निघालेल्या भाषांवर. भांडारकर १८९३ मध्ये त्याच विद्यापीठाचे कुलगुरू झाले. म्हणजे तेव्हाच्या मुंबईत भाषेचा अभ्यासक विद्यापीठाच्या खुर्चीत बसतो यात कुणाला नवल वाटत नव्हतं. (मराठी विषयाला मात्र त्याच विद्यापीठात एम.ए.च्या दारातून आत यायला न्यायमूर्ती रानड्यांना आयुष्याच्या अखेरीपर्यंत भांडावं लागलं. संस्कृतला पाट आणि मराठीला उंबरा, ही आपलीच जुनी रीत.)

टर्नर यांचा मराठीवरचा निबंध १९१६ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. विषय होता मराठीतला प्राचीन स्वराघात. वेद म्हणताना एखाद्या अक्षरावर स्वर चढतो ना, तो चढ शब्दातल्या ज्या अक्षरावर होता त्याची खूण हजारो वर्षांनंतर मराठी शब्दांच्या घडणीत अजून दिसते, असं त्यांचं म्हणणं होतं. मराठीच्या घडणीवर फ्रेंचमध्ये मोठा ग्रंथ लिहिणारे ज्यूल ब्लॉक यांना ते पटलं नाही. वाद बरीच वर्षं चालला, आणि आज तो टर्नर यांच्या बाजूने सुटला असं काही म्हणता येत नाही. पण मला अप्रूप वेगळ्याच गोष्टीचं वाटतं. निबंध छापून आला तेव्हा लेखक वर्गात नव्हता. १९१५ मध्ये तो तिसऱ्या गुरखा रायफल्समध्ये दाखल झाला होता. पुढे त्याच्या पलटणीबरोबर पॅलेस्टाईनच्या आघाडीवर लढला आणि मिलिटरी क्रॉस मिळवून परतला.

पुतळ्याखालची ओळ त्या खंदकांतून आलेली आहे. ती एखाद्या सेनापतीच्या भाषणातली नाही, एका शब्दकोशाच्या प्रस्तावनेतली आहे! टर्नर यांचा नेपाळी कोश १९३१ मध्ये निघाला आणि तो लिहिताना त्यांना आपले जुने सोबती आठवले. त्या कोशात प्रत्येक नेपाळी शब्दाबरोबर त्याची भारतभरची भावंडं दिली आहेत, आणि शेवटी भाषावार सूची आहेत. एका नेपाळी शब्दकोशाच्या मागच्या पानांवर मराठी शब्दांची यादी सापडते ती यामुळे. या सूची केल्या त्यांच्या पत्नी डॉरथी रिव्हर्स टर्नर यांनी. हे नाव लक्षात ठेवा, पुन्हा येणार आहे.

युद्धानंतर दोन वर्षं टर्नर बनारस हिंदू विश्वविद्यालयात भाषाशास्त्राचे प्राध्यापक होते. १९२२ मध्ये लंडनला, आज आपण ज्याला 'सोआस' म्हणतो त्या संस्थेत, संस्कृतचे प्राध्यापक म्हणून आले. ही संस्था १९१७ मध्ये सुरू झाली होती ती काही ज्ञानदानाच्या उदात्त हेतूने नव्हे. साम्राज्य चालवायला भाषा येणारी माणसं हवी होती, व्यापाऱ्यांना हवी होती, मिशनऱ्यांना हवी होती. हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. टर्नर यांच्या पगाराचा रुपया, म्हणजे पौंड, कुठून येत होता ते त्यांनाही माहीत होतं. पण त्या पैशातून त्यांनी केलं काय, तर रोमानी भाषेवर संशोधन!

रोमानी म्हणजे युरोपभर भटकणाऱ्या रोमा लोकांची भाषा. या देशातही ते लोक आहेत. ॲपलबीच्या घोड्यांच्या जत्रेला तुमच्यापैकी कुणी गेलं असेल. त्यांच्या भाषेत पाण्याला 'पानी', नाकाला 'नाक', कानाला 'कान' म्हणतात, दाताला 'दांद' आणि हाताला 'वास्त'. शेवटच्या दोहोंत संस्कृतचा दन्त आणि हस्त तुम्हाला ऐकू येईल. भ्रातृ या शब्दाचं त्यांनी 'फ्राल' केलं, कुठे नुसतं 'फाल', आणि त्यावरून इंग्रजीत 'पॅल' आला. आपली मुलं शाळेत मित्राला 'पॅल' म्हणतात तेव्हा ती त्याला मूळ अर्थाने 'भाऊ'च म्हणत असतात. मुंबईपुण्याच्या कट्ट्यावर जसं 'काय भाऊ' म्हणतात, अगदी तसंच. रोमा लोकांची भाषा मुळात मध्य भारताच्या बाजूची, तिथून ते आधी वायव्येला गेले आणि मग पश्चिमेला, असं टर्नर यांनी १९२६ मध्ये निव्वळ शब्दांतल्या ध्वनींवरून दाखवलं. ज्या लोकांनी स्वतःचा इतिहास कुठे लिहून ठेवला नाही त्यांचा प्रवास त्यांच्या 'पाणी' आणि 'हात' या शब्दांतून वाचला. कुठल्या व्यापाऱ्याला याची गरज होती? कुठल्या कलेक्टरला?

१९३७ मध्ये टर्नर संस्थेचे संचालक झाले आणि सलग वीस वर्षं राहिले. आपल्याकडे म्हणतात तसं, चांगला शिक्षक मुख्याध्यापक झाला की शाळेला मुख्याध्यापक मिळतो पण वर्गाचा शिक्षक जातो. इथे तसं घडलं नाही. संस्कृतची प्राध्यापकीही त्यांनी १९५४ पर्यंत सांभाळली. मात्र कारभार सोपा नव्हता. जेमतेम दोन वर्षांत महायुद्ध आलं. संस्था काही काळ केंब्रिजला, टर्नर यांच्याच जुन्या कॉलेजात हलवली, मग पुन्हा लंडनला आणली.

आता या कथेतला माझ्या मते सगळ्यात बोधक भाग. जपानशी युद्ध होण्याची चिन्हं दिसत होती, पण ब्रिटनमध्ये जपानी येणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. संस्थेकडून युद्ध खात्याला सांगणं चालू होतं की शिकवायची तयारी आत्ताच करा. खात्याला घाई नव्हती. १९४१ च्या डिसेंबरमध्ये पर्ल हार्बर झालं, पाठोपाठ दोन-अडीच महिन्यांत सिंगापूर पडलं, आणि मग एकदम पळापळ. आग लागल्यावर विहीर खणायची म्हणतात ती हीच. १९४२ मध्ये शाळा संपवणाऱ्या हुशार मुलांना शिष्यवृत्त्या देऊन निवडण्यात आलं. राहायला दक्षिण लंडनमधलं डलिच कॉलेज, शिकायला टर्नर यांची संस्था. विषय जपानी, चिनी, तुर्की आणि फारसी. 'डलिचची मुलं' हेच नाव त्यांना पुढे चिकटलं. शिवाय सैन्यातल्या लोकांचे वेगळे वर्ग होतेच. फ्रँक डॅनियल्स आणि त्यांच्या जपानी पत्नी ओतोमे यांनी जपानी शिकवण्याचा भार उचलला. लाहोरला पूर्वी शिकवलेले जे. आर. फर्थ यांनी भाषेच्या ध्वनींचं शास्त्र वापरून भराभर शिकवायच्या पद्धती बसवल्या. १९४४ मध्ये फर्थ सामान्य भाषाशास्त्राचे प्राध्यापक झाले, ब्रिटनमधले पहिले. म्हणजे भाषाशास्त्र नावाच्या स्वतंत्र विषयाला या देशात पहिली खुर्ची मिळाली ती टर्नर यांच्या कारकिर्दीत आणि युद्धाच्या धामधुमीत.

बाबांना हे मी वाचून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे बंदूक दाखवून व्याकरण विकलं!" थोडं तसंच आहे. पण विकणारा काय विकतोय हे ओळखून होता. युद्ध संपल्यावर हा बाजार उठणार, हे त्यांना दिसत होतं. कायमची सोय व्हायला हवी होती, आणि ती संधी १९४४ च्या अखेरीला आली. पूर्वेकडच्या, स्लाव्ह आणि आफ्रिकी भाषांच्या अभ्यासाचं ब्रिटनमध्ये काय करायचं याचा विचार करायला सरकारने एक आयोग नेमला.

त्याचे अध्यक्ष कोण असावेत? सर रॉजर लुम्ली, म्हणजे १९३७ ते १९४३ या काळातले मुंबईचे गव्हर्नर! ऑगस्ट १९४२ मध्ये मुंबईत नेत्यांची धरपकड झाली ती यांच्याच कारकिर्दीत. आपल्या आजोबांच्या पिढीत हे नाव प्रेमाने घेतलं जाणं शक्यच नव्हतं. १९४५ मध्ये काकांच्या पश्चात ते अर्ल ऑफ स्कारबरो झाले, म्हणून १९४७ मध्ये प्रसिद्ध झालेला अहवाल स्कारबरो अहवाल म्हणून ओळखला जातो. त्यातला मुद्दा थोडक्यात असा : या भाषा आणि संस्कृती शिकायला किती विद्यार्थी येतात यावर त्या विभागांचं भवितव्य ठरवू नका. विद्यार्थी नसले तरी जाणकार असले पाहिजेत, ग्रंथालय असलं पाहिजे, संशोधन चालू राहिलं पाहिजे. इतर मानव्यविद्या आणि विज्ञानं यांच्या बरोबरीची परंपरा उभी राहिली पाहिजे, आणि त्यासाठी वेगळा राखीव पैसा हवा. टर्नर हेच वर्षानुवर्षं म्हणत आले होते.

मी हा मुद्दा पुन्हा पुन्हा वाचला. आमच्या धंद्यात मागणीशिवाय काही बनवायचं म्हणजे नोकरी घालवायची. ग्राहक कोण, त्याचा फायदा काय, परतावा किती दिवसांत, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय आम्ही एक ओळही लिहीत नाही. आणि इथे एक अख्खा सरकारी अहवाल सांगतो की मागणी मोजू नका! १९४७ मध्ये, युद्धाने पिचलेल्या देशात, जिथे पावसुद्धा रेशनवर मिळत होता.

राखीव अनुदान पाच वर्षं मिळालं. टर्नर यांनी भाषांबरोबर इतिहास, कायदा, मानववंशशास्त्र यांचीही माणसं घेतली. आज जगात कुठेही दक्षिण आशियाच्या किंवा आफ्रिकेच्या इतिहासावरचं पुस्तक उघडलं तर त्यात या संस्थेचा कुणी ना कुणी सापडतो, त्याची पायाभरणी त्या पाच वर्षांतली. मराठीचाही कोपरा तिथे होता. मिस एच. एम. लँबर्ट यांनी इंग्रजांसाठी मराठी शिकण्याचं पुस्तक केलं होतं, ज्ञानेश्वरीच्या प्रधानांनी केलेल्या इंग्रजी भाषांतराचं संपादनही पुढे त्यांनीच केलं. नंतरच्या इयन रेसाइड यांनी मराठी कथा इंग्रजीत नेल्या आणि पेंडश्यांच्या 'गारंबीचा बापू'लाही इंग्रजी बोलायला लावलं. १९५२ मध्ये राखीव अनुदान थांबलं आणि संस्थेला पुन्हा सगळ्यांच्या रांगेत उभं राहावं लागलं. टर्नर त्यानंतर पाच वर्षं संचालक होते. ती पाच वर्षं त्यांना फार सुखाची गेली असतील असं वाटत नाही.

आता बाबांच्या कत्र्यांकडे येतो.

सुमित्र मंगेश कत्रे मूळचे कारवारकडच्या होन्नावरचे, जन्म १९०६ चा. लंडनला येऊन टर्नर यांच्या हाताखाली १९३१ मध्ये पीएच.डी. झाले. विषय कोकणी. ज्या भाषेला तेव्हा बरेच शहाणे लोक मराठीची बोली म्हणून उडवून लावत आणि जिच्या लिपीचा वाद आजही मिटत नाही, त्या भाषेच्या घडणीवर लंडनमध्ये बसून प्रबंध! पुढे तो पुस्तकरूपाने १९४२ मध्ये निघाला. त्याच वर्षी कत्रे डेक्कन कॉलेजचे संचालक झाले आणि जवळजवळ तीस वर्षं राहिले.

डेक्कन कॉलेजचीही एक कथा आहे, आणि पुण्याच्या लोकांनाही ती नेहमी ठाऊक नसते. पेशव्यांच्या दक्षिणा फंडातून १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात निघालेली संस्कृत पाठशाळा हे तिचं मूळ. टिळक-आगरकरांचं हे कॉलेज. १९३४ मध्ये सरकारने काटकसरीच्या नावाखाली ते चक्क बंद केलं. माजी विद्यार्थी गप्प बसले नाहीत, कोर्टात गेले, कारण इमारतीसाठी सर जमशेटजी जीजीभाईंनी देणगी दिली होती आणि ती शिक्षणासाठीच होती. निकाल त्यांच्या बाजूने लागला, आणि १७ ऑगस्ट १९३९ ला कॉलेज पुन्हा उघडलं, ते पदव्युत्तर संशोधन संस्था म्हणून. कत्रे, इरावती कर्वे, ह. धी. सांकलिया अशी माणसं सुरुवातीलाच तिथे आली. सांकलियाही लंडनचे पीएच.डी.; डॉर्सेटमधल्या मेडन कॅसलच्या उत्खननावर मॉर्टिमर व्हीलर यांच्या हाताखाली त्यांनी माती उपसली होती. ती विद्या घेऊन त्यांनी पुढे नेवासे आणि जोर्वे खणलं.

कत्र्यांनी १९४८ मध्ये जे काम काढलं ते मात्र गुरूलाही घाम फोडणारं होतं. संस्कृतचा ऐतिहासिक कोश. वेदांपासून अठराव्या शतकापर्यंतचे सुमारे १,५०० ग्रंथ वाचायचे, प्रत्येक शब्द कुठे कोणत्या अर्थाने आला ते चिठ्ठीवर उतरवायचं, चिठ्ठ्या अक्षरावार लावायच्या, आणि मग कोश लिहायला घ्यायचा. नुसतं चिठ्ठ्या लिहिण्याचं काम पंचवीसेक वर्षं चाललं. चिठ्ठ्या झाल्या जवळजवळ एक कोटी! माझे बाबा १९६९-७० मध्ये त्यांपैकी काही हजार लिहून आले. दालनाला 'स्क्रिप्टोरियम' म्हणत, लोखंडी खणांच्या रांगा, वर पंखा, आणि "चिठ्ठी उडेल म्हणून पंखा हळूच लावायचा", एवढं त्यांना स्पष्ट आठवतं. कत्रे तेव्हा निवृत्तीला आलेले. बाबांशी त्यांचं बोलणं एकदाच झालं. त्यांनी एक चिठ्ठी उचलून पाहिली, अक्षर चांगलं आहे म्हणाले आणि पुढे गेले. त्यानंतर सहा महिन्यांत बाबा बँकेत लागले. तिथला पगार जवळजवळ दुप्पट होता आणि माझ्या दोन आत्यांची लग्नं व्हायची होती. त्यात चुकलं काहीच नाही, असं बाबा आजही म्हणतात. ते चुकलं असं मीही म्हणत नाही. त्या बँकेच्या पगारावरच मी इंजिनियर झालो आणि एम.एस्सी. करायला या देशात आलो.

इकडे टर्नर १९५७ मध्ये संचालकपदावरून निवृत्त झाले. वय ६९. बहुतेक माणसं या वयात गुलाबांना खत घालतात. यांनी आयुष्यभर साठवलेलं काम बाहेर काढलं. भारतीय आर्य भाषांचा तौलनिक कोश १९६२ ते १९६६ या काळात हप्त्याहप्त्याने ऑक्सफर्डने छापला. सुमारे १५ हजार नोंदी. प्रत्येक नोंदीत आधी संस्कृत शब्द, मग पाली, प्राकृत, आणि मग त्याची सगळी वंशावळ : रोमानी, काश्मिरी, सिंधी, पंजाबी, नेपाळी, बंगाली, हिंदी, गुजराती, आणि 'एम' या एका अक्षराने आपली मराठी, तिच्या शेजारी कोकणी, शेवटी सिंहली. शेवटचा हप्ता निघाला तेव्हा टर्नर ७८ वर्षांचे होते आणि मुंबईच्या त्या व्याख्यानांना ५२ वर्षं झाली होती.

पण कोश छापून झाला तरी वापरायचा कसा? मराठी माणसाला 'विंचू' शोधायचा असेल तर तो 'वृश्चिक'खाली आहे हे आधी ठाऊक हवं. डेटाबेसची भाकरी खाणाऱ्या मला हे लगेच कळलं : टेबलं आहेत, इंडेक्स नाही! तो इंडेक्स डॉरथीबाईंनी केला. १९६९ मध्ये त्याचा स्वतंत्र खंड निघाला, त्यात भाषेभाषेचे मिळून लाखावर शब्द, प्रत्येकापुढे नोंदीचा क्रमांक, सगळं हाताने. आज हा कोश शिकागो विद्यापीठाच्या कृपेने इंटरनेटवर फुकट आहे, 'विंचू' टाकला की क्षणात 'वृश्चिक' येतो, आणि आपल्याला वाटतं ही संगणकाची करामत. १९७२ मध्ये बाई गेल्या. टर्नर १९८३ पर्यंत जगले, चौऱ्याण्णव वर्षं. चुकांची आणि भरीची यादी करणं त्यांनी सोडलं नाही. ती पुरवणी १९८५ मध्ये, त्यांच्या मागे, निघाली.

त्यानंतर वर्षभराने आणखी एक अहवाल आला. आशिया-आफ्रिकेच्या भाषा शिकवणारे विभाग ब्रिटनमध्ये रोडावत चालले आहेत, निवृत्त होणाऱ्यांच्या जागा भरल्या जात नाहीत, अशी ओरड झाली म्हणून विद्यापीठ अनुदान समितीने ती पाहणी करवली होती. १९८६ चा हा अहवाल लिहिला सर पीटर पार्कर यांनी. हे पूर्वी ब्रिटिश रेल्वेचे अध्यक्ष होते आणि त्याच्याही आधी, १९४२ मध्ये, डलिचला राहून जपानी शिकणारं एक पोर. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत चाक पुन्हा तिथेच आलं होतं. त्यानंतरही ते फिरायचं थांबलेलं नाही. २०१२ पासून इंग्लंडमध्ये मानव्यविद्यांच्या अध्यापनाचं थेट सरकारी अनुदान जवळजवळ बंद झालं. २०२४ मध्ये केंट विद्यापीठाने तत्त्वज्ञान आणि कलेतिहास गुंडाळायचं ठरवलं. आपल्या मराठीची तर गोष्टच सोडा. बंगाली, गुजराती, पंजाबी, उर्दू या भाषा मुलांना जीसीएसईला घेता येतात, मराठी नाही. पुरेशी मुलं नाहीत, हे त्याचं सरळ कारण. मागणी मोजली की उत्तर हेच येणार.

हे सगळं मला एवढं का लागलं ते सांगून टाकतो. आमच्या थोरलीने ए-लेव्हलला गणित सोडून लॅटिन, इतिहास आणि इंग्रजी घेतलंय आणि विद्यापीठात भाषाशास्त्र करायचं म्हणतेय. गणपतीच्या कार्यक्रमात ही बातमी फुटली तेव्हा आरतीचं ताट फिरावं तशी ती फिरली आणि प्रत्येकाने आपापल्या परीने हळहळ व्यक्त केली. "अरे, एवढी हुशार आहे ना?" हे त्यातलं सगळ्यात सौम्य वाक्य. खरं सांगायचं तर पहिली हळहळ माझीच होती. नऊ हजारांहून जास्त पौंड वर्षाची फी, आणि पुढे काय, हे मीही विचारलं होतं, आणि अजूनही मधूनमधून विचारतो. टर्नर वाचून तिच्या नोकरीचा प्रश्न सुटलेला नाही. एवढंच झालंय की आजोबा आणि नात यांच्यात मी हल्ली पडत नाही.

बाबा परत जायच्या आदल्या रात्री दोघं लॅपटॉपवर टर्नर उघडून बसली होती. ती इंग्रजीतून विचारत होती, ते मराठीतून सांगत होते. 'ऊ' म्हणजे डोक्यातली ऊ ही 'यूका' पासून आली हे कळल्यावर दोघंही बराच वेळ हसत होती. मग तिने त्यांच्या चिठ्ठ्यांचं विचारलं. तो पुण्याचा कोश कुठवर आला आजोबा?

बाबांनी सांगितलं की पहिला भाग १९७६ मध्ये छापायला लागला. कत्रे तोवर निवृत्त होऊन अमेरिकेला गेले होते. तिथून त्यांनी ८१ व्या वर्षी पाणिनीची अष्टाध्यायी इंग्रजीत आणली. पुढचं संपादन डॉ. अमृत माधव घाटग्यांनी हाती घेतलं. २०२२ पर्यंत पस्तीस भाग निघाले होते.

"पस्तीस! म्हणजे संपत आला?"

"छे गं. अजून 'अ' चालू आहे."

तिला वाटलं आजोबा थट्टा करताहेत. मग तिने हिशोब मांडला, वर्षं, भाग, अक्षरं. बापाची पोर आहे शेवटी. हिशोब कुठल्या शतकात जातोय ते पाहून ती गप्प झाली आणि म्हणाली, "तुमच्या चिठ्ठ्या कुठल्या अक्षराच्या होत्या?"

"सगळ्याच होत्या. एक ग्रंथ दिला होता, त्यातले सगळे शब्द. 'अ'च्या असतील त्या छापून झाल्या असतील एव्हाना," बाबा चष्मा पुसत म्हणाले. "बाकीच्या आहेत खणात."